हरेश्वरकाकांच्या गाडीचा नवा मेंदू

हरेश्वरकाका,

रेवदंड्याच्या नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागला आहे. त्यावरचा फोटो तुम्हाला आवडला नसता, कारण त्यात तुम्ही हसताय. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात तुमच्या शेजारी मी उभी आहे, हातात उघडा लॅपटॉप, आणि मागे गाडीचं उघडं बॉनेट. फ्लेक्सवाल्यानं मला आणि गाडीला कापून टाकलं, पण लॅपटॉपचा एक काळा कोपरा तुमच्या खांद्यापाशी राहून गेलाय. खाली लिहिलंय, 'बोटीच्या इंजिनांचे जाणकार'. खोटं नाही ते. कोर्लईपासून थेरोंड्यापर्यंत कुणाच्या बोटीचं इंजिन अडलं की माणसं तुमच्याकडेच यायची. पण मी तुम्हाला ओळखलं ते समुद्रामुळे नाही, गाडीमुळे. त्या गाडीबद्दल कुणी बोललं नाही, दहाव्यालाही नाही आणि बाराव्यालाही नाही. म्हणून मी बोलते.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या अलिबागच्या आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिलात. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते एवढंच तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि खरं सांगते, मला वाटलं मासे असतील. पंचा सोडलात तर आत ॲल्युमिनियमचा चपटा डबा.

"मॅडम, ह्याच्यात मीठ गेलंय," तुम्ही म्हणालात. "काढता येतंय काय बघा."

तो एका सहा सिलिंडरच्या स्पोर्ट्स कारचा कॉम्प्युटर होता. कुठल्या सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा. झाकण उघडलं तर आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवा गंज चढलेला. नागावच्या एका बंगल्यात, सुरूच्या झाडांखाली, खाऱ्या वाऱ्यात ती गाडी सहा वर्षं उभी होती. दोन दारांची, बसकी, गर्द हिरवी. तुम्ही त्या बंगल्याचा जनरेटर बघायला जायचात आणि दर वेळी गाडीभोवती एक फेरी मारून यायचात. मालकानं चौकशी केली तेव्हा एवढ्या जुन्या गाडीचा कॉम्प्युटर आता बनत नाही असं उत्तर आलं, आणि त्याचं गाडीवरून मनच उडालं. भंगारात देण्याआधी त्यानं तुम्हाला विचारलं. तुम्ही ती ट्रॅक्टरला बांधून रेवदंड्याला आणलीत आणि रीतसर नावावर करून घेतलीत. इंजिन हातानं फिरवून पाहिलंत, सहाही सिलिंडर दाब धरत होते. म्हणजे धडधाकट देह, आणि डोकं तेवढं गेलेलं.

मी विचारलं होतं, या वयात स्पोर्ट्स कार कशाला? माझ्या आवाजात थोडा उपहास असावा. तुम्ही सांगितलंत की चाळीस वर्षं तुम्ही सहा सिलिंडरचं इंजिन ऐकत आलात ते ओझं ओढतानाच. बर्फ, डिझेल, जाळं, आणि येताना मासळी. "मना ते एकदा रिकामं पळताना ऐकायचं हाय," तुम्ही म्हणालात. त्या एका वाक्यावर मी डबा ठेवून घेतला.

दीड महिना मी त्या पट्टीवर घालवला. तुटलेल्या रेषा केसाएवढ्या तारांनी जोडल्या, दोन चिप बदलल्या. डबा अर्धवट शुद्धीवर आला आणि पुन्हा गेला. तुम्हाला सांगायला मी रेवदंड्याला आले, तुमच्या ओटीवर बसले आणि नाही जमलं म्हणाले. तुम्ही म्हणालात, बरं, मग दुसरा शोधू. जसा काही तो बाजारात टांगलेला होता.

शोधताना आपल्या दोघांची अक्कल किती तोकडी आहे ते कळलं. मी इंटरनेटवर इंग्रजी वाचायची आणि तुम्हाला मराठीत सांगायची. पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्याला आपण फोन लावला. गाडीचा कॉम्प्युटर नव्यानं लिहून ताकद वाढवून देणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मूळ कॉम्प्युटर चालू आहे ना? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग मी लिहू कशावर? मुंबईच्या दुसऱ्या एकानं सुचवलं की मूळ डब्याच्या जोडीला छोटा डबा बसवता येतो, तो सेन्सरचे आकडे मधल्यामध्ये बदलून मूळ डब्याला फसवतो. अडचण तीच. फसवायलासुद्धा समोरचा शुद्धीत लागतो. मग भंगार बाजारातून त्याच मॉडेलच्या गाडीचा जुना डबा मिळाला. तो लावला तर तो आपल्या गाडीची चावी ओळखेना. चोरी होऊ नये म्हणून चावी आणि डबा यांची कारखान्यातच गाठ मारलेली असते, आणि हा डबा दुसऱ्याच कुणाच्या चावीशी बांधलेला. तुम्ही तो हातात घेऊन म्हणालात की हा इमानदार आहे, ह्याला त्रास देऊ नका.

उरला तो दुसऱ्याच कंपनीचा पूर्ण कोरा डबा. तो कुठल्याही सहा सिलिंडर इंजिनाला लागतो, पण त्याला काहीही माहीत नसतं. पेट्रोलचे आकडे, ठिणगीचे आकडे, सगळा तक्ता आपण भरायचा. त्या तक्त्याला मॅप म्हणतात आणि तो भरण्याला ट्यूनिंग. मी नको म्हणत होते. त्यासाठी गाडी रोलरवर चालवून मोजणारं यंत्र लागतं, शिकलेला माणूस लागतो, आणि एक आकडा चुकला तर पिस्टन वितळतो, हे सगळं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि कामाची वाटणी केलीत. इंजिन तुम्ही ऐकायचं आणि डबा मी वाचायचा.

तुमची मुलगी जागृती तेव्हा दर शनिवारी पेणहून यायची. तिथं बँकेत नोकरी. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरातला स्वयंपाक तीच दोन दिवसांचा करून ठेवायची. ओटीवर प्लायवूडची फळी, तिच्यावर पसरलेल्या शंभरेक वायरी, आणि त्यांच्याभोवती आपण दोघं मांडी घालून बसलेले. ती आपल्यावरून पाय टाकत आत जायची आणि जाताना म्हणायची, ताई, तुम्ही तरी बाबांना जेवायला उठवा. मी प्रत्येक वायरीला छापील लेबल लावलं होतं. तुम्हाला ती अक्षरं नको होती. तुम्ही जाळ्याच्या दोऱ्याच्या गाठी मारल्यात, पहिल्या सिलिंडरला एक, दुसऱ्याला दोन. मे महिन्यात माझी लेबलं घामानं सुटून गेली. गाठी अजून आहेत.

ठिणगीचा क्रम भरताना मी पुस्तक उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. मला वाटलं आठवून सांगताय. तुमच्या बोटींच्या इंजिनाचाही तोच क्रम होता. तुम्ही तो पाढ्यासारखा म्हणायचात, आणि नंतर मीही म्हणायला लागले.

तीन रविवार गाडी नुसती खोकली. चौथ्या रविवारी सकाळी तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरलात आणि ठिणगी उशिरा पडतेय असं सांगितलंत. क्रँकच्या चाकाचे दात मोजून डबा पहिला सिलिंडर कुठे आहे ते ठरवतो. तो आकडा मीच चुकीचा भरला होता. तो बदलला, तुम्ही चावी फिरवलीत, आणि इंजिन लागलं. समोरच्या आळीत दोरीवर बोंबील टांगणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. तुम्ही बॉनेटवर तळहात ठेवून, लहान मुलाचा ताप बघावा तसे, कितीतरी वेळ उभे राहिलात. त्या दिवसापासून तुमच्या तोंडी मी मॅडमची 'बाय' झाले.

मग रस्त्यावरचं काम सुरू झालं. तुम्ही गाडी चालवायचात, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. रेवदंडा ते चौल, चौल ते नागाव, सकाळची वर्दळ सुरू व्हायच्या आत. मी आकडे वाचायची आणि तुम्ही कान द्यायचात. आपण भांडलोही खूप. एकदा तुम्ही म्हणालात दोन नंबरचा सिलिंडर ठोकतोय, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतंय. माझ्या पडद्यावर तसं काही दिसत नव्हतं आणि मी ते ठासून सांगितलं. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, प्लग काढलात, आणि त्याच्या पांढऱ्या टोकावर राखाडी धातूचे बारीक ठिपके दाखवलेत. पिस्टनचे. मी ठिणगी दोन अंशांनी मागे घेतली आणि आठवडाभर सेन्सरवर विश्वास ठेवला नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही पेट्रोल जास्त जातंय म्हणून हटून बसलात आणि निघाली हवेची गळती. ती माझ्या पडद्यानं दाखवली. त्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या हातानं कोळंबीचं कालवण करून वाढलंत. हरलात असं तोंडानं म्हणाला नाहीत.

पीयूसी काढायला गेलो तेव्हा मशीनवाल्यानं नळी दोनदा लावून बघितली, एवढा स्वच्छ धूर होता. तुमचा चेहरा मला आठवतो.

आता जे तुम्हाला अर्धंच माहीत आहे ते सांगते.

त्याच सुमारास एकदा आपण जेट्टीवरून चालत येत होतो. तुमच्या उजव्या पायातली चप्पल निघून रस्त्यात राहिली आणि तुम्ही दहा पावलं तसेच चालत गेलात. मी हाक मारली तेव्हा वळून बघितलंत. पायाला कळलंच नाही, असं म्हणून हसलात आणि परत जाऊन चप्पल घातलीत. तुम्हाला साखर होती, पायांना मुंग्या येतात असं कधीतरी बोलला होतात. मी त्या दिवशी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी चौलच्या वळणावर गाडी अचानक पुढे ओढली गेली. मासळीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेनं चालली होती. ती टोपलीसकट बांधावर चढली. तुम्ही ब्रेक दाबलात, बाईला काही झालं नाही. तुम्ही म्हणालात ॲक्सिलरेटरचं पेडल अडकतंय, घरी जाऊन बघू. घरी जाऊन तुम्ही पेडल साफ केलंत, स्प्रिंग तपासलीत. मी लॅपटॉप उघडला. डबा प्रत्येक क्षणाची नोंद ठेवत होता. पाय उचलला असं तुम्ही म्हणत होतात त्या क्षणी पेडल चाळीस टक्के दाबलेलं होतं, आणि ते अडकलेलं नव्हतं. तुमचा पाय त्यावर होता. तुम्हाला तो उचलल्यासारखा वाटत होता एवढंच. मी ती नोंद तुम्हाला दाखवली नाही. गाडीखाली वाकलेल्या तुमच्या पाठीकडे बघत बसले आणि लॅपटॉप मिटला.

त्याच आठवड्यात जागृतीचा फोन आला. चपलेचा प्रकार तिनंही घरात बघितला होता, बाईच्या टोपलीची गोष्ट तिच्या कानावर आली होती. तिनं मला विचारलं, लॅपटॉप तुमच्याकडे असतो ना, मग गाडी सुरूच होणार नाही असं काही करता येतं का? मी म्हटलं, येतं.

गाडी बंद पाडायला मात्र माझा हात झाला नाही. मी पेडलचा तक्ता बदलला. अर्धं पेडल दाबलं तरी इंजिनाला पाचवा हिस्साच हवा मिळेल असा. वेग साठला बांधला. तुम्हाला सांगितलं की नवा मॅप टप्प्याटप्प्यानं बसवायचा आहे, सध्या जरा सुस्त वाटेल. तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर शंका घ्यायची तुम्हाला सवय नव्हती, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. जागृतीचा फोन हे निमित्त होतं, काका. तो आला नसता तरी मी दोन दिवसांनी हेच केलं असतं.

तुम्हाला फसवणं महिनाभर जमलं. मग एका सकाळी तुम्ही मला ओटीवर बसवलंत आणि लॅपटॉप उघडायला सांगितलंत. इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आलेख वाचायला मीच शिकवलं होतं. तुम्ही एकेक पान पुढे सरकवायला लावलंत आणि पेडलच्या रेषेवर बोट ठेवलंत. ती कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ जायची, आता ओल्या दोरीसारखी खाली लोंबत होती.

"ही ढिली कुणी सोडली?"

"मी."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. चाळीस वर्षांत तुमच्या इंजिनाला तुम्हाला न विचारता कुणी हात लावला नव्हता, असं म्हणालात. मग उठून आत गेलात आणि मी बराच वेळ ओटीवर बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. चहा आला नाही. मी माझी पिशवी उचलली, रिक्षा केली आणि अलिबागला आले.

दोन महिने आपण बोललो नाही. तुमच्या फाटकाला कुलूप आणि गाडीवर ताडपत्री, एवढं जागृती सांगायची. मी रोज फोन हातात घ्यायची. काय बोलायचं हे ठरायचं, पण पहिलं वाक्य सुचायचं नाही. माफी मागायची तर केलं ते चूक होतं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते मला पूर्ण चूक वाटत नव्हतं. बरोबरही वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माणगावला आईकडे होते. दुपारी दार वाजलं आणि समोर तुम्ही. दोन एसट्या बदलून आला होतात, बौद्धवाडीतलं आमचं घर विचारत विचारत शोधलं होतंत. खांद्यावर तोच पंचा, हातात सुकवलेल्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी. आईच्या हातात ती दिलीत, बिनसाखरेचा चहा मागितलात, आणि माझे वडील शिक्षक होते हे कळल्यावर तिच्याशी त्यांच्याबद्दलच बोलत बसलात. चहा संपल्यावर माझ्याकडे वळलात.

"तुजा डबा सगळं लिहून ठेवतो ना? मना ते दाखव."

मी लॅपटॉप आणला. टोपलीवाल्या बाईचा दिवस काढला. पेडलची रेषा, ब्रेकची रेषा, वेगाची रेषा. तुम्ही चष्मा पुसून लावलात आणि पडद्याच्या इतक्या जवळ गेलात की तुमच्या श्वासानं काच धुरकटली.

"इथं ती बाई होती?"

"हो."

"आनि पाय हा असा?"

"हो."

तुम्ही मागे टेकलात. स्वतःच्या उजव्या पायाकडे, मग पुन्हा पडद्याकडे बघितलंत.

"पाय उचलला होता गं मी."

"माहीत आहे, काका. तुम्हाला तसंच वाटलं होतं."

आई आत निघून गेली. तिला न सांगता कळतं. तुम्ही पंच्यानं तोंड पुसलंत, आणि मग जे म्हणालात ते मी अजून तुमच्याच आवाजात ऐकते. "इचारायला पायजे होतंस. मी न्हायच बोललो असतो. तरी इचारायला पायजे होतंस."

मी हो म्हटलं. तुम्ही खिशातून गाडीची चावी काढलीत आणि लॅपटॉपवर ठेवलीत.

"आता तू चालवायचं. मी बसून ऐकतो."

मी तोवर फक्त स्कूटर चालवली होती. तुम्ही मला त्या गाडीवर शिकवलंत ते बोटीवर नवा माणूस शिकवावा तसं. वळण यायच्या आधी वळायला लाग. पुढच्याचं तोंड बघू नको, त्याची पाठ कुठं चाललीय ते बघ. क्लच सोडताना गाडी बंद पडली की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात, जसं काही घडलंच नाही. पक्का परवाना हातात आला त्या दिवशी आपण पेडलची रेषा पुन्हा सरळ केली. तुम्ही सांगितलंत आणि मी केली. साठाचा बांधही काढला. पाय माझा होता आणि तो ठिकाणावर होता.

हरिहरेश्वरला जायचं तुम्ही ठरवलंत. रेवदंड्याचा पूल, मग मुरूड, आगरदांड्याहून गाडी बोटीत चढवून दिघी. बोटीवर तुम्ही गाडीतून उतरलात आणि सरळ इंजिनखोलीपाशी जाऊन उभे राहिलात. तिथल्या माणसाशी तुमची काय बोलणी झाली कोण जाणे, पण उतरताना त्यानं तुम्हाला हात केला. दिवेआगरच्या पुढे समुद्राला लागून एक सरळ, मोकळा रस्ता आला. तुम्ही काच खाली घेतलीत आणि मला म्हणालात, आता जाऊ दे. मी पाय दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढे गेला आणि सहाही सिलिंडर एका सुरात आले. मी एकदाच तुमच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, एक हात दारावर, बोटांनी क्रम मोजत होतात.

रस्ता संपला तेव्हा तुम्ही काच वर घेतलीत आणि एवढंच म्हणालात की बोटीवर हा आवाज कधी ऐकू आला नाही.

हरिहरेश्वरला तुम्ही देवळात गेलात, मी बाहेर कठड्यावर बसले. मी आत का येत नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. बाहेर आलात ते नारळाचा एक तुकडा घेऊन. माझ्यापुढे धरलात आणि जरा थांबलात. प्रसाद म्हणून नको असेल तर भूक म्हणून खा, असं म्हणालात. मी भूक म्हणून खाल्ला. भूक लागलीच होती.

आपली काही भांडणं राहिली. इंजिन किती फेऱ्यांपर्यंत वर जाऊ द्यायचं यावर तुम्ही सात हजारांवर अडून बसला होतात आणि मी साडेसहा हजारांवर. पावसाळा संपला की प्लग काढून बघू आणि ठरवू, असं ठरलं होतं. पावसाळा संपायच्या आधीच, एका दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी त्या वेळी वर्गात होते. फळ्यावर सर्किटचा चौकोन काढत होते आणि फोन थरथरत होता. तुम्हाला सांगते, तो चौकोन मी पूर्ण केला. मुलांना वाटलं मी काहीतरी विचार करतेय.

बाराव्यानंतरच्या रविवारी जागृती आणि मी तुमच्या ओटीवर बसलो होतो. गाडी ठेवायची की द्यायची यावर बोलत होतो आणि दोघींनाही काही ठरवायचं नव्हतं. बोलता बोलता तिनं विचारलं, मी फोन केला होता हे बाबांना कळलं होतं का?

मी म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं होतं, पण मी तुझं नाव येऊ दिलं नाही. हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. तिला हलकं वाटेल असं मला वाटलं. दोन महिने तुमचा राग मी एकटीनं झेलला, तिच्यापर्यंत पोचू दिला नाही, हेच मला माझं एकमेव चांगलं काम वाटत होतं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"सांगायला हवं होतंत, ताई. चिडले असते तर चिडले असते. मला त्यांच्यासाठी किती भीती वाटायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मला वाटलं होतं, तुमच्याकडून तरी पोचेल."

विचारायला पाहिजे होतंस, हे तुम्ही मला एकदा शिकवलं होतंत. तरी तिलाही मी विचारलं नव्हतं.

तेव्हा आता सांगते, उशिरा का होईना. कुणी सांगितलं असं तुम्ही विचारलं होतंत. जागृतीनं. बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून तिनं मला फोन केला होता. लोक ये-जा करत होते, त्यामुळे ती हळू बोलत होती, आणि मधे मधे तिला बोलताच येत नव्हतं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "गाडीचं काय वाटेल ते करा. मला बाबा पाहिजेत."